दूध कुठे आहे?

मंगळवार, संध्याकाळ

सोमवारचं विमान. सायलीच्या बाळंतपणाला जर्मनीला जायचंय आणि मला तिथल्या दुकानाचीच धडकी भरलीय. लालबागला मिरची घेताना दुकानदाराला दमात घेणारी मी!

आज फोनवर सायलीच दुकानदार झाली. "वो इस्ट दी मिल्श?" दूध कुठे आहे, एवढं मी नीट विचारलं. तिने भराभर उत्तर दिलं. एक अक्षर कळलं नाही. प्रश्न पाठ होतो, उत्तराचं काय करू? जावई ऑफिसात असताना बाळाला औषध लागलं तर?

"आई, इथे नवीन आले तेव्हा मलाही कळायचं नाही गं. नुसती हसायचे आणि हाताला येईल ते आणायचे."

"किती दिवस?"

"वर्षभर."

तेव्हा मी रोज फोनवर विचारायचे, जेवलीस का? हो म्हणायची. वर्षभर काय खात होती पोर?