नव्या इंजिनाचा निळा धूर

९ मार्च
धूर आहेच! निळा, दाट. आमच्या शाळेच्या मास्तरांची जुनी गाडी — चार महिने खपून इंजिन नव्यासारखं बांधलं आणि सायलेन्सर ओल्या लाकडासारखा धुमसतोय. धाकटा म्हणतो, "दादा, पिस्टनच्या रिंगा नव्या आहेत, बसायला वेळ लागतो." तीस वर्षं दोघं भाऊ हे गॅरेज चालवतोय, आणि मला शिकवतो!

१३ मार्च
तीनशे किलोमीटर फिरवली. दीड लिटर ऑइल खाल्लं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. जातंय कुठून?

१५ मार्च
हेड उतरवलं, व्हॉल्व्हचे सील बदलले, हेड परत चढवलं. धूर तसाच. मास्तर येऊन बघून गेले, "होऊ दे सावकाश" म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१६ मार्च
प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून प्रेशर मोजलं. चढलं! ऑइलनं फट बुजली, म्हणजे गळती रिंगांतूनच. पुन्हा इंजिन उतरवा आता. पाठीचे टाके ढिले झालेत.

१८ मार्च
पिस्टन बाहेर काढले. दुसरी रिंग उलटी. एकाला नाही — चारही पिस्टनना! रिंगेवर बारीक ठिपका असतो, तो वर हवा. इथे सगळे ठिपके खाली. उलटी रिंग ऑइल खाली निपटायचं सोडून वर चढवते. वडिलांनी पहिल्याच दिवशी कान पिळून शिकवलेली गोष्ट!

रिंगा कायम धाकटाच बसवतो, त्याचा हात हलका. पिस्टनचा ट्रे त्याच्यापुढे आपटला.
"दादा, या मी नाही बसवल्या."
मग काय भुतानं बसवल्या? फार ओरडलो. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "बरं. झालं असेल माझ्याच हातून."
आधी खोटं, मग कबुली! चालता हो म्हटलं, पुन्हा पाऊल ठेवू नकोस. हात पुसून गेला. पानेसुद्धा नेले नाहीत.

२२ मार्च
रिंगा सुलट्या घातल्या. धूर बंद! सांगायला मागे वळलो. गॅरेजात कुणी नाही.

२३ मार्च
घरात ही चार दिवस बोलत नव्हती. आज म्हणाली, "भावोजींना बोलवा." मी म्हटलं, आधी त्यानं माफी मागावी.
"त्यांनी? कशाची?" — आणि आत निघून गेली.
वहिनीला दीर म्हणजे कायम साधूच! वडिलांच्या शिस्तीप्रमाणे मी रोजचं काम लिहून ठेवतो. मागची वही कपाटात आहे. उद्या पुरावाच ठेवतो हिच्यासमोर.

२४ मार्च
सापडलं. ११ फेब्रुवारी, अक्षर माझंच: "धाकट्याला ताप, घरी पाठवला. चारही पिस्टनच्या रिंगा मीच बसवल्या."
मला तो दिवसच आठवत नाही.