आबांची शीळ

१२ एप्रिल २००४, सोमवार
गोकुळभावजींचा दौंडहून फोन. लग्नाच्या शूटिंगची कामं घेतात ते. "वहिनी, कॅमेरा सहा मेला मोकळा हाय. तेवढाच. पुढं नुसती लग्नं."

एक दिवस पुरे. फिल्म दहाच मिनिटांची – आपल्या घरची. मागल्या उन्हाळ्यात रखमाजीमामांची मेंढरं खतासाठी आपल्या वावरात बसली होती. सासऱ्यांनी, आबांनी, नुसती शीळ घातली आणि पांगलेला अख्खा कळप माना वर करून थांबला. आपली मेंढरं विकून किती वर्षं झाली, तरी! आबांनंतर ही शीळ घरात कुणाला येणार नाही. तेव्हापासून डोक्यात आहे.

१८ एप्रिल, रविवार
शेजारच्या तात्याबांच्या मुलीचं, सोनमचं रुखवत करायला माझ्याकडं आलं. साखरेचं तुळशीवृंदावन, लोकरीचे मोर, मण्यांची पालखी. नाही म्हणवलं नाही.

हात साखरेनं चिकट, तसंच दारातून आबांना सांगितलं, "तुमची शूटिंग करायची आहे."

"माझी? ह्या थोबाडाची?"

हसले तेव्हा समोरचे हलायला लागलेले दात दिसले. म्हटलं, दौंडला कवळीचा कॅम्प आहे, फुकट आहे, जाऊन या. जेवणही होईल नीट, दिसेलही बरं. एवढं बोलून आत आले. पाक आटत होता.

२२ एप्रिल, गुरुवार
उपास. उन्हानं वृंदावनाला घाम फुटला, एक बाजू ढासळली. पुन्हा पाया रचला.

कॅम्पला आबांबरोबर मी जाणार होते. सासूबाईंना पाठवलं. आबा तोंडावर उपरणं धरून परतले. सगळे दात काढले. कवळी हिरड्या वाळल्यावर, म्हणजे दोन महिन्यांनी! मला वाटलं होतं, लगेच देतात.

२५ एप्रिल, रविवार
दिवसभर मोर. देवापुढचा दिवासुद्धा उशिरा लागला.

२ मे, रविवार
सोनमचं लग्न झालं. रुखवताभोवती बायकांची गर्दी. साखरबाईंनी वृंदावनाला बोट लावून चाटून पाहिलं, म्हणाल्या, "खरंच साखर हाय गं!" मन भरून आलं, खोटं कशाला लिहू.

रखमाजीमामांची मेंढरं कोकणातून परतली. उद्यापासून आपल्या वावरात.

६ मे, गुरुवार
सकाळचं ऊन छान होतं. आबा नवा फेटा बांधून बांधावर उभे. गोकुळभावजींनी कॅमेरा लावला.

मी म्हटलं, "आबा, घाला शीळ."

ते माझ्याकडं बघत राहिले. "शीळ?"

मग बोटं तोंडात घातली. नुसता वारा आला. पुन्हा घातली. मेंढरं चरतच राहिली, एकीनंही मान उचलली नाही.

रखमाजीमामा लांबून आबांना ओरडले, "आरं गेणबा, सायकलची हवा सोडतुयास व्हय?"

सगळे हसले. आबाही हसले, उपरण्यानं तोंड पुसत. भावजी माझ्या कानाशी म्हणाले, "वहिनी, दाताबिगर शीळ कशी वाजंल?"

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आबांना शिळेचं मी कधी सांगितलंच नव्हतं. शूटिंग, शूटिंग, एवढंच. मोरांच्या डोळ्यांना कुठले मणी लावायचे याचा विचार चार दिवस केला. आबांपाशी चार मिनिटं बसले नाही.

"मला वाटलं, तोंड दावायचं हाय," आबा म्हणाले.

भावजींनी फेट्यातलं थोडं शूटिंग घेतलं. तोंड मिटून.

७ मे, शुक्रवार
गहू निवडताना सासूबाई बोलल्या. कॅम्पात आबांनी डॉक्टरांचा हात धरला होता – "म्होरलं दोन ऱ्हाऊ द्या, साहेब. माझी शीळ त्येच्यावर हाय." ते राहिले तर कवळी नीट बसायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. आबांनी हात सोडला.

मग म्हणाले, "काढा. सूनबाईनं पहिल्यांदाच काय तरी मागितलंय."