पिकअपचे जाड टायर आणि वसमतची हळद

कुरुंदा, मंगळवार

व्यंकटमामांना जावई परमेश्वरचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडं सगळे जिवंत आहेत. (हे काहून लिहिलं ते पुढं कळेल. फोनवर तुमी मला पुरं बोलू देत न्हाई, म्हणून पत्र.)

मागच्या महिन्यात मी पिकअपला जाड, रुंद टायर बसवले. टायर मोठे म्हणजे गाडी जास्त माल उचलणार, अशी माझी समजूत. (लोकांनी गाडीजवळ उभं राहून फोटो काढले, त्यानं डोकं आणखी फिरलं.) काल वसमतच्या मोंढ्यावर हळद विकायला न्यायची, तर नेहमीपेक्षा जास्त पोती टाकली. तुमची साधना म्हणाली, “अहो, गाडीनं सोसायचं वजन ठरलेलं हाय. त्यात टायरच जड झाले, तर हळद कमी भरावी लागंल ना?” मी म्हणालो, तू बस. ती बसली.

ओढ्याच्या उतारावर मल्हारी मेंढक्याची मेंढरं रस्ता ओलांडत होती. ब्रेक दाबला, गाडी ऐकेना. स्टिअरिंग वळवलं, तर टायर मडगार्डला घासून अडकला. मल्हारी पळाला नाही. हात पसरून मेंढरांपुढं उभा राहिला. गाडी थांबली तेव्हा बंपर त्याच्या धोतराला लागला होता. मी उडी मारून खाली उतरलो. तोच म्हणाला, “पाव्हणं, आधी मेंढरं मोजू द्या. मग बोलू.” मोजणी बराबर निघाली, तेव्हा तो रस्त्यातच खाली बसला. साधनानं त्याला पाणी पाजलं. तिच्या कपाळावरचं टेंगूळ मला तेव्हा दिसलं.

मग तिनं गाडीचा मागचा फाळका उघडला आणि पोती उतरवायला लागली. मल्हारी मदतीला उठला. मी मधी गेलो, तर दोघांनी मला जागाच दिली नाही. अर्धा माल मी मोंढ्यावर नेला. उरलेल्या पोत्यांवर ती दोघं बसून राहिली. मी परतलो तेव्हा मल्हारी तिला ‘लेकी’ म्हणत होता, आणि मला काहीच म्हणत नव्हता.

चूक माझी. टेंगूळ उतरलं आहे. ती बोलत नाही, एवढीच तकलीफ.

तुमचा परमेश्वर

ता.क. आज सकाळी ती एकच वाक्य बोलली: “जुने टायर बसल्याबिगर मी त्या गाडीत पाय ठेवणार न्हाई.” जुन्यातले दोन टायर घरी आहेत, दोन मी तुमच्या बैलगाडीला दिलेत. ते परत पाहिजेत.

आणखी ता.क. तिकडं टायर काढू नका. बैलगाडी जुंपून तुमीच इकडं या. साधनानं माहेरी यायची पिशवी भरून ठेवली आहे. तुमी आलात की मी आधी बैलगाडीची चाकं काढीन, म्हणजे तिला घेऊन लगेच निघता येणार नाही. तेवढ्या वेळात तिला माझ्याबद्दल चार चांगल्या गोष्टी सांगा. (आठवल्या तर.)