हळदीचा लाल झेंडा

डोंगरकडा,
मंगळवार

प्रिय प्रभू,

वारंगा फाट्यावरच्या त्या बॅनरवरून माझा फोटू आजच्या आज उतरव. कुणाला इचारून लावलास? वर तुझ्या पक्षाचे साहेब, मधी तू हात जोडून, अन खाली कोपऱ्यात मी, दात काढून हसून राहिलेली. खाली लिहिलंय, श्रमिक भगिनींचा आशीर्वाद. कोणता आशीर्वाद, कधी दिला, मला तर आठवत न्हाई. तो फोटू आपल्या मोर्चातला आहे. त्यात माझ्या हातात झेंडा होता. झेंडा कापून टाकला अन निस्ता हात ठेवला, त्यामुळं मी कुणाला तरी टाटा करून राहिले असं दिसतंय. फाट्यावर चहाला थांबलेले ड्रायव्हर बघतात अन हसतात. तुझे दाजी काल तिथून आले. म्हणले, पक्षात गेलीस वाटतं, आता चहा तू करणार का तुझा पीए करणार. येवढं बोलून हसले अन मंग अर्धी भाकर ताटात ठेवून उठले. तुझ्या दाजीनं ताटात भाकर ठेवलेली मी लई कमी वेळा बघितलीय.

तू म्हणशील, अक्का, फोन करायचा, पत्र कशाला. फोनवर तू गोड बोलतोस. अक्का जेवलीस का, अक्का गुडघा कसा आहे, अंजली आत्याची आठवण काढते, असं करत करत तू मला मूळ गोष्टीवर येऊच देत न्हाईस. फोन ठेवल्यावर मला कळतं की मी भांडायला फोन केला होता अन गुडघ्याचं सांगून बसले. म्हणून लिहून राहिले. चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, ऱ्हस्वदीर्घ बघत बसू नको. लिहिलेल्याला मधी तोडता येत न्हाई, येवढं बराबर कळतं मला.

साहेबांच्या गाडीत बसून तू हळदीचं गोदाम विसरला असशील, म्हणून पहिल्यापासून सांगते. हमाल पोती उचलतात, त्यांची नोंद आहे, त्यांना बिल्ला आहे. आमी बाया हळद निवडतो, चाळतो, अन संध्याकाळी सगळं गोदाम झाडतो. झाडायची मजुरी न्हाई. काहून न्हाई, तर खाली सांडलेली हळद आमी पदरात भरून घरी नेतो. माझ्या सासूच्या काळापासूनची ही रीत. शेठ म्हणतो, सांडलेलं तुमचंच आहे, मंग तुमी मजूर कशा, तुमी तर वाटेकरी. वाटेकरणीच्या छातीत हळदीची धूळ जाते, खोकून खोकून बरगड्या दुखतात, त्यात शेठचा वाटा किती, ते कुणी सांगत न्हाई. आमच्यातल्या शमीमच्या पायावर पोतं पडलं तवा शेठनं हात झटकले. ही आमच्याकडं कामाला न्हाईच, झाडायला येते, म्हणला. तिला हातगाड्यावर घालून आमी दवाखान्यात नेली. हातगाडा तूच ढकलला होतास, प्रभू. त्या दिवशी तू रडला होतास. गोदामाच्या शेडखाली परत येऊन तूच म्हणलास, आता सांडलेलं नको, मांडलेलं पाहिजे. तीच आपली घोषणा झाली. मंग आपण मजुरांची संघटना काढली, तिच्यात तुला सेक्रेटरी केलं ते तू कालेजात गेला होतास म्हणून न्हाई, त्या हातगाड्यामुळं केलं.

अन दगडोबानं काय सांगितलं होतं ते बी आठव. म्हातारा सारी जिंदगी हमाली करून लाल बावटा धरून राहिला. तो म्हणायचा, दुसऱ्याच्या बैलगाडीत बसलं की तो थांबवील तिथंच उतरावं लागतं, मजुरानं आपल्या पायानं चालावं, हळू का होईना. मतं मागायला सगळे पक्ष फाट्यावर येतात, पण त्यातला एकबी पक्ष मजुराचा न्हाई, मजुराचा पक्ष मजुरालाच काढावा लागंल. हे तू कोळशानं शेडच्या भिंतीवर लिहिलंस. अजून आहे तिथं. साहेबांची गाडी गोदामापुढून जाते तवा काच वर असते काय तुझी?

म्हणून आपण मोर्चा पायी काढायचा ठरवला. फाट्यावरून निघायचं, कळमनुरीला मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी हिंगोलीत कलेक्टर कचेरीवर जायचं. मागणं एकच, आमाला मजूर म्हणा, आमची नोंद करा. झेंड्याला लाल कापड आणायचं तर चंद्रभागाबाई म्हणली, इकत कशाला आणता, सांडलेली हळद आहे, पानाचा चुना आहे, हळदीत चुना कालवला की लालभडक होतंय, कुंकू असंच करत्यात. बायांना ते लई आवडलं. ज्या हळदीपायी आमाला मजूर म्हणत न्हाईत, तिचाच झेंडा करायचा. सगळ्यांनी जुनी धोतरं आणली अन पिपात बुडवली. काय रंग चढला होता, कोपरापर्यंत हात लाल. तू म्हणलास, अक्का, असा झेंडा दिल्लीत बी कुणाकडं नसंल.

नसणारच. वैशाखाच्या उन्हात, घामाच्या हातात, चुना मरतो अन हळद वर येते, हे जन्म हळदीत गेलेल्या आमा बायांच्या ध्यानात आलं न्हाई. कळमनुरीला पोचेस्तोवर झेंडे नारंगी झाले. चंद्रभागाबाईला सगळ्या जणी बोलल्या तर ती उलटी आमच्यावरच गुरगुरली, कुंकू डबीत ऱ्हातंय, उन्हात कोण नाचवतंय, मला काय ठाऊक. आमी हसून हसून लोळलो. तू बी हसलास. म्हणलास, चालता चालता पक्ष बदलून राहिलोत आपण. तवा ती थट्टा होती.

हिंगोलीच्या डेपोपाशी आलो तवा झेंडे पिवळेजर्द झाले होते. पिवळा झेंडा म्हणजे आपल्या समाजाचा, हे जिल्ह्यात लेकरालाबी ठाऊक. कुणीतरी साहेबांना फोन केला की धनगर समाजाचा मोर्चा आला, अन ते गाड्या घेऊन आले. आल्या आल्या तुझ्या डोक्याला पिवळा फेटा बांधला. इथवर चूक आमची, मी मान्य करते. रंग आमी केला, तो टिकला न्हाई. पण त्याच्या पुढं तोंड तुझं होतं. तुझ्या हातात माईक होता. साहेब, घोळ झालाय, हा गोदामाच्या मजुरांचा मोर्चा आहे, येवढं एक वाक्य बोलायचं होतं. तू फेटा चाचपलास. गर्दीकडं बघितलंस. अन आरक्षणावर बोलायला लागलास.

मी पुढच्याच ओळीत होते. माझ्या बाजूला शमीम, लंगडत तिथवर चालून आलेली. चपलेच्या पट्ट्यानं तिच्या दुखऱ्या पायाचं सालटं निघालं होतं. तिनं मला हळूच इचारलं, अक्का, ये अपनाच मोर्चा है ना? मी म्हणलं, व्हय, आपलाच. माझं बोलणं संपायच्या आत साहेबांच्या पोरांनी तिच्या हातातला झेंडा घेतला, म्हणले, चाची, तुम पीछे हो जाओ. तू ते बघितलंस. मला ठाऊक आहे तू बघितलंस, कारण तू लगेच दुसरीकडं बघितलंस. मंग कचेरीवर पोचल्यावर साहेब अन तू आत गेलात. आमी बाया बाहेर रस्त्यावर बसून राहिलो, कुणी पाणी बी इचारलं न्हाई. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, समाजाचा विराट मोर्चा. शेठनं तो पेपर गोदामात आणून वाचून दाखवला. म्हणला, तुमचा मोर्चा तर जातीचा होता, मजुरीचं कुठं काय लिहिलंय. अन शमीमला, तिच्यासारख्या दुसऱ्या जातीच्या बायांना म्हणला, तुमी काहून गेला होता गं, तुमचा काय संबंध. त्या दिवसापासून निम्म्या बाया संघटनेच्या बैठकीला येत न्हाईत. त्यांचं काय चुकलं? त्या आपल्या पायानं चालत गेल्या अन परक्याच्या बारशाला पोचल्या.

आता तू म्हणशील, अक्का जात विसरली. काहीबी विसरले न्हाई मी. बाबाच्या मागं मेंढरं वळत आपण दोघं वाढलो, माझ्या पाठीवर बसून तू नदी ओलांडायचास. समाजाचं मागणं खरं आहे. त्याचा मोर्चा निघाला तर मी येईन, माझ्या पायानं, माझ्या भाकरी बांधून. पण तो मोर्चा तो न्हवता. दुसऱ्याचं मेंढरू चुकून कळपात आलं तर बाबा काय करायचे? सांज व्हायच्या आत परत नेऊन द्यायचे. बामणीच्या माळावर एकदा तू म्हणलास, आलंय आपणहून तर ऱ्हाऊ द्या. बाबांनी तुझ्या कानाखाली दिली होती. येवढी माणसं चुकून तुझ्या कळपात आली, प्रभू, अन तू मेंढराच्या वाड्याला कूड घालून त्यांना कोंडलंस.

त्यावर तुला मी फोनवर बोलले तवा तू काय म्हणलास? अक्का, पिवळं काय अन लाल काय, गर्दी कामाला आली. झेडपीचं तिकीट मिळतंय. निवडून आलो की तुमचंच काम करीन. तुमचं म्हणलास. आपलं म्हणायची जीभ कधी बदलली? साहेबांचा मेहुणा गोदामात शेठचा भागीदार आहे, हे तुला ठाऊक न्हाई असं मला सांगू नको. झेडपीत बसून तू त्याच्या विरोधात आमची नोंद करून घेणार, अन ते तुला मांडीवर घेऊन थोपटणार व्हय? तुझी मंजुषा परवा बाजारात भेटली. नवीन लुगडं, गळ्यात नवीन डोरलं. मला बघून पदर पुढं घेतला तिनं. तिची चूक न्हाई. तिला तकलीफ देऊ नको, तिला काही बोलू नको. पण तिनं माझ्यापासून डोरलं झाकलं, हे तुला सांगितल्याशिवाय मला राहवलं न्हाई.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. रविवारी शेडखाली बैठक झाली. लई दिवसांनी सगळ्या आल्या, हमाल बी आले, शमीम आली. ठरलं की आपल्या गटात झेडपीला संघटनेचा माणूस उभा करायचा, कोणत्याच साहेबांचा न्हाई. लोक तुझ्यावर लई भडकलेत. तरी चंद्रभागाबाई म्हणली, पोरगं आपलं आहे, आधी त्याला इचारा. कुणी हो म्हणलं न्हाई. मंग तिनंच माझं नाव घेतलं. पहिला हात शमीमनं वर केला. मंग सगळ्यांनी केला, तुझ्या दाजीनं बी. मी कबूल केलं न्हाई, नाकारलं बी न्हाई. म्हणलं, मला आधी भावाला इचारू द्या. मला उभं राहायची हौस न्हाई. माईक धरला की मी पुढचं विसरते, अन अंजलीनं आपल्या बापाच्या विरोधात आत्या उभी राहिलेली बघावी असं बी मला वाटत न्हाई. साहेबांचं तिकीट परत कर, संघटनेच्या नावावर उभा ऱ्हा, अन मागं काय झालं ते सगळ्यांसमोर बोल. मंग गुडघ्याचं नाव न काढता घरोघर फिरीन तुझ्यासाठी. ते जमत न्हाई तर तसं सांग. शुक्रवारी भाकरीच्या सुट्टीत गोदामाच्या शेडखाली ये. गाडी फाट्यावर ठेव, एकटा ये, चालत ये. फोन करू नको, उचलणार न्हाई. शुक्रवारी न्हाई आलास तर मी तेच उत्तर समजीन. सोमवारी फारम भरायचा शेवटचा दिवस आहे. कळमनुरीला तहसिलीत तू लायनीत उभा राहशील तवा मागं वळून बघ, मी उभी असेन.

तुझीच,
अक्का