तेरा तारखेपर्यंत गाल साफ

४ जुलै, सकाळी ६.४०
आजपासून नोंदी ठेवणार. कारण, टिंगीचा चेहरा. टिंगी म्हणजे आमची मुलगी, वय पंधरा. शाळेत तिला चांगलं नाव आहे, घरात हेच. दोन महिन्यांपासून मुरुम. कपाळावर सहा, उजव्या गालावर पाच, डाव्यावर दोन, हनुवटीवर एक. एकूण चौदा. तेरा ऑगस्टला तिची वक्तृत्व स्पर्धा. मोठा हॉल, स्टेज, वरून दिवे. हातात चाळीस दिवस.
मी बावीस वर्षं बसच्या बॉडी रंगवतोय. आता पेंटिंगचा सुपरवायझर. पत्रा कितीही भंगार येऊ दे, वर्कशॉपमधून बाहेर पडताना त्यात माणसाला आपलं तोंड दिसतं. चाळीस दिवसांत आम्ही नऊ बस काढतो. इथे तर एकच चेहरा, तोही लहान.
बायकोला प्लॅन सांगितला. ती म्हणाली, अहो, तिला विचारलंत का? म्हटलं, बसला कोण विचारतं.

५ जुलै
पहिली तपासणी. वर्कशॉपमधला हातातला दिवा घरी आणलाय. उजेड समोरून नाही, बाजूने मारायचा, म्हणजे खडबडीतपणा लगेच कळतो. टिंगी म्हणाली, बाबा, मी दात घासतेय. म्हटलं, घास की, मी कुठे अडवलंय.
चेहऱ्याचा नकाशा काढला. एकेका मुरुमाला नंबर दिले. उजव्या गालावरचा सात नंबर गंभीर आहे. नकाशा फ्रिजवर लावला, सगळ्यांना दिसावा म्हणून.
संध्याकाळी नकाशा फ्रिजवर नव्हता. वाऱ्याने पडला असणार. दोन मॅग्नेट लावले होते.

७ जुलै
मेडिकलमध्ये गेलो. मेडिकलवाल्याने विचारलं, स्किन कशी आहे, कोरडी, तेलकट, सेन्सिटिव्ह? म्हटलं, लाल पटकन होते, रागावली की आणि न रागावताही. तो म्हणाला, मग सेन्सिटिव्ह, हे घ्या, आणि एक पांढरी ट्यूब पुढे केली. साधा सौम्य फेसवॉश. वास नाही. मी तिथेच थेंबभर हातावर चोळून बघितला. फेसही नाही! ज्याला फेस येत नाही तो काय डोंबलाचं काम करणार. परत दिला.
घेतलं ते असं: दाणेदार स्क्रब. काळा साबण. टोनर. टोनरला थेट थिनरसारखा वास आहे. उघडल्या उघडल्या विश्वास बसला.
मेडिकलवाला म्हणाला, काका, एवढं सगळं एकदम नका लावू. दुकानदार असून माल कमी खपवतो. धंदा कसा चालतो याचा, देव जाणे.

८ जुलै
सरफेस तयार करणे, दिवस पहिला. आमच्याकडे पत्रा घासल्याशिवाय प्रायमर धरत नाही. टिंगीला सांगितलं, स्क्रब गोल गोल घासायचा, शंभर अंक मोजायचे. ती पस्तीसला थांबली. म्हणाली, चुरचुरतंय. म्हटलं, चुरचुरतंय म्हणजे काम चालू आहे.
बायको मधेच म्हणाली, तुम्ही स्वतःच्या तोंडाला लावून बघा की. मला मुरुम नाहीत. मग मी कशाला लावू.

९ जुलै
स्क्रब दोनदा. साबण तीनदा.

११ जुलै
मोजणी: सतरा. ही वाढ नाही. आधी आत होते ते आता दिसायला लागले. पुट्टी खरवडली की जुने खड्डे दिसतात, तसं. टिंगीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, प्लीज मला खड्डे म्हणू नका. म्हटलं, तुला नाही, त्यांना.

१४ जुलै
वर्कशॉपमध्ये डोकं फिरलं. नवा रंग आला की आधी पॅनेलवर मारून बघायचा, हा माझा नियम. नव्या कारागिराने मारला. पण बॉडी फायबरची आणि याचा पॅनेल लोखंडी पत्र्याचा! पॅनेलवर झकास बसला, बॉडीवर फुगे. त्याला सगळ्यांसमोर झापला. म्हटलं, अरे गाढवा, मालच वेगळा तर टेस्ट कसली करतोस? सबंध दुपार वाया.
घरी मात्र शिस्त. टोनरच्या बाटलीवर लिहिलंय, आधी थोडासा लावून पाहा. मी न टाळता टेस्ट केली. माझ्या कोपराला लावला. दोन तास थांबलो. काहीही झालं नाही. कोपर उलट चमकतोय.
टोनर पास.

१५ जुलै, सकाळी ७.१०
टोनर लावला.

१५ जुलै, सकाळी ७.१४
बसच्या मागच्या दिव्यासारखी लाल झाली आहे. वीस मिनिटं बेसिनवर पाणी मारत होती. शाळेत गेली नाही. बायको काही बोलली नाही. ती बोलते तेव्हा बरं असतं.
कंपनीला कडक पत्र लिहिणार. विषय: कोपरावर वेगळा आणि गालावर वेगळा परिणाम.

१६ जुलै
साल निघतेय. जुना थर चाललाय. हे नियोजनात होतं, असं म्हणता येईल.
टिंगीने केस पुढे घेतलेत. केसांच्या आतून जेवते. मोजणी शक्य नाही. मी म्हटलं, जरा केस बाजूला कर. ती ताट घेऊन आत गेली. मी हाक मारली तर आईला म्हणाली, त्यांना सांग मी जेवतेय. ‘त्यांना’ म्हणजे मला.

१७ जुलै
बाथरूमला आतून कडी. दात घासायला चाळीस मिनिटं. एवढे दात कुणाला असतात?

१९ जुलै
तिच्या वर्गशिक्षिकेचा फोन. टिंगी स्पर्धेतून नाव मागे घ्यायचं म्हणतेय. बाई म्हणाल्या, अहो, किती छान बोलते ती, घरी काही झालंय का? म्हटलं, घरी काही नाही, चेहऱ्यावर झालंय, आमचं काम चालू आहे.
बघा! मुरुमांनी शेवटी पोरीचं स्टेज घालवलं. मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होतो. आता कामाचा वेग वाढवायला हवा.
बायको म्हणाली, चौदा होते तेव्हा तिने स्वतः जाऊन नाव दिलं होतं.
या वाक्याचा अर्थ नंतर बघू.

२० जुलै
सात नंबरवर टूथपेस्ट लावावी असा विचार. दारातून सांगितलं. आतून काहीतरी दारावर आपटलं. चप्पल असावी.

२३ जुलै
बायकोने मला न विचारता त्वचेच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. तिघं गेलो. मी सगळा रेकॉर्ड सोबत घेतला, नकाशाची दुसरी प्रत पण.
डॉक्टर बाई साधारण माझ्या वयाच्या. चष्मा वर करून टिंगीचा चेहरा बघितला. दिवा वगैरे काही नाही, खिडकीच्या उजेडात. मग टिंगीला विचारलं, बाळा, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? खाज, आग, की दुखतं?
टिंगी म्हणाली, बाबांचा.
बायकोला खोकला आला.
मग डॉक्टरांनी मला विचारलं, काय काय लावलंत? मी यादी वाचली. त्या ऐकत होत्या. टोनर कुठे लावून बघितलात आधी? कोपरावर. कुणाच्या? माझ्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.
तेव्हा का कोण जाणे, मला तो फायबरच्या बॉडीचा प्रकार आठवला. त्या कारागिराचं तोंडही आठवलं. मी एसी जरा वाढवता येईल का विचारलं.
त्यांनी सांगितलं ते असं. स्क्रब, साबण, टोनर, सगळं बंद. आठवडाभर त्वचेला नुसतं शांत होऊ द्यायचं. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदाच तोंड धुवायचं. कोमट पाणी, बोटांनी हलकं. टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं. वर बिनवासाचं मॉइश्चरायझर. मी म्हटलं, तेलकट चेहऱ्यावर आणखी क्रीम? त्या म्हणाल्या, सोलून काढलीत ना, आता तिला पांघरूण नको? बाहेर जाताना सनस्क्रीन. लाली उतरली की मलम सुरू, रात्री, वाटाण्याएवढं सगळ्या चेहऱ्याला मिळून, सुरुवातीला एक दिवसाआड. नवीन काही लावायचं तर एका वेळी एकच, आणि आधी टिंगीच्याच कानामागे लावून बघायचं, दोन-तीन दिवस. फोडायचं नाही.
मी विचारलं, तेरा ऑगस्टपर्यंत होईल ना? म्हणाल्या, फरक दिसायलाच आठ-दहा आठवडे. मी तारीख पुन्हा सांगितली, त्यांना ऐकू गेली नसेल म्हणून. त्या म्हणाल्या, त्वचेला तारीख कळत नाही हो.
शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुम्ही हात लावायचा नाही. मोजायचं पण नाही.
एकूण माझ्या शिस्तीचं त्यांना कौतुक वाटलं असावं. बोलल्या नाहीत.

२४ जुलै
मोजलं नाही. (बाजूने, अंदाजे, सोळा.)

२५ जुलै
मेडिकलमधून फेसवॉश आणला. मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचली आणि तीच पांढरी ट्यूब काढून दिली. एक शब्द बोलला नाही. पण ज्या पद्धतीने तो बोलला नाही, ते मला आवडलं नाही.

३० जुलै
लाली गेली. सात दिवसांत. मी सात दिवस हात लावला नव्हता, म्हणजे श्रेय कुणाचं ते उघड आहे.
आज मलम सुरू. एका वाटाण्याला आठ आठवडे लागणार असतील तर दोन वाटाण्यांना चार. बायकोपुढे मांडलं. संध्याकाळपासून मलमाची ट्यूब मला सापडत नाही.

४ ऑगस्ट
टिंगीने स्पर्धेत परत नाव दिलं! मला शिक्षिकेकडून कळलं. मुरुम आहेत तेवढेच आहेत (अंदाजे). मग नाव कसं दिलं? तिला विचारलं. म्हणाली, मला बोलायचंय म्हणून. उत्तर अपूर्ण वाटलं.
केस मागे बांधायला लागली आहे. मी त्याबद्दल काही बोललो नाही. बघितलं फक्त. ती म्हणाली, बघू नका. मी घड्याळाकडे बघितलं.

६ ऑगस्ट
प्रत्येक स्पर्धकाला दोन पास. एक आईला. दुसरा मावशीला. मी म्हटलं, मावशी तर दोन तासांवरून येणार, मी दहा मिनिटांवर आहे. टिंगी म्हणाली, बाबा, तुम्ही पहिल्या रांगेत बसणार आणि माझ्या गालाकडे बघणार. मग मला वाक्यच आठवणार नाही. म्हटलं, मागे बसतो. म्हणाली, मागून वाकून बघाल. म्हटलं, मी कशाला वाकू? दोघी एकदम हसल्या. मग टिंगी हसायची थांबली आणि म्हणाली, खरंच नका येऊ.
म्हटलं, मला तसंही जमणार नव्हतं. त्या दिवशी बसची डिलिव्हरी आहे.
नाहीये. सुट्टी आहे.

१० ऑगस्ट
नाकाच्या शेंड्यावर नवा. अगदी मध्यभागी. प्रचंड. तीन दिवस राहिले असताना.
मी एक शब्द बोललो नाही. गॅलरीत जाऊन उभा राहिलो. फक्त आत येताना ‘हं’ असा आवाज निघाला.
टिंगी म्हणाली, ऐकलं मी ते हं.

१३ ऑगस्ट
दुपारी तीनला त्या गेल्या. मी घरी. नळाची चकती बदलली. बुटांना पॉलिश केलं, तिघांच्या. चार वाजता वाटलं हॉलच्या बाहेर उभं राहावं, बाहेर उभं राहायला पास लागत नाही. चौकापर्यंत गेलो. परत आलो. वाकलो असतो, हे मला माहीत आहे. हे इथे लिहितोय, इतरत्र कुठे बोलणार नाही.
साडेसातला आल्या. टिंगी आल्या आल्या तोंड धुवायला गेली. बायकोला विचारलं, चेहरा कसा दिसत होता? ती म्हणाली, शेवटून चौथ्या रांगेत होतो आम्ही, चेहरा कुठला दिसतोय. ऐकायला गेलो होतो.
दुसरा नंबर आला.
म्हटलं, विषय काय होता? बायकोने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, अहो, चाळीस दिवस. म्हटलं, माहीत आहे मला, खात्री करत होतो. ती म्हणाली, मग सांगा.
मला आंघोळीला जायचं होतं.

१४ ऑगस्ट, सकाळी ९.००
टिंगीला म्हटलं, कालचं भाषण कर ना एकदा. ती म्हणाली, काय बघायचंय तुम्हाला? म्हटलं, बघायचं नाही, ऐकायचंय. तिने आईकडे बघितलं. आईने खांदे उडवले.
तिने मला खुर्चीत बसवलं. स्वतः कपाटापाशी उभी राहिली. विषय: आपल्या रस्त्यावरचं वाचनालय का बंद पडलं. ते बंद पडलंय हे मला माहीत नव्हतं. रोज दोनदा त्याच्यासमोरून जातो. आत कोण कोण येऊन बसायचं, हे तिला सगळं माहीत आहे. ग्रंथपाल आजोबा आता दुपारी कुठे बसतात, हे पण. आवाज कधी खाली आणायचा, कधी चढवायचा, हे तिला कुणी शिकवलं? विचारायला पाहिजे.
एकदाही गालाकडे बघितलं नाही. खोटं कशाला लिहू, दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघत होतो तेवढ्यात ती थांबली. मी दचकलो, उभा राहिलो आणि जोरात टाळ्या वाजवल्या. पुष्कळ वाजवल्या. डोळ्यांत पाणी वगैरे आलं.
ती म्हणाली, बाबा, बसा खाली. अजून अर्धं राहिलंय.