पांढरी गोळी

१२ नोव्हेंबर १९५७

वर्गातली खिडकी घट्ट बसली होती. ओढली, आणि पाठीत काहीतरी काडकन मोडलं. मुलींना ऐकू गेलं नाही, मला गेलं. फळ्याला धरून तशीच उभी राहिले. ना बसता येईना, ना चालता.

मोठ्या बाई आल्या, निर्मलाबाई. म्हणाल्या, "चमक भरली असेल, सुमित्राबाई. घरी जा, पडून राहा." सायकलरिक्षात बसवून दिलं. रेल्वे फाटकाच्या रुळांवरून रिक्षा गेली तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली.

शामकलाने गरम विटेने शेकलं. "खिडकी ओढायले तूच सापडली काय? पोरी मेल्या होत्या?" धाकटी बहीण, पण बोलते आईसारखी. नवरा गेल्यावर माझ्याकडे आली, तेव्हापासून घर तिचं. मी फक्त शाळेची.

१४ नोव्हेंबर

कूस बदलता येत नाही. शिंक येईल या भीतीनेच घाम फुटतो.

२ डिसेंबर

शाळेत गेले. दुखतं, पण उभं राहवतं. शिक्षिकांच्या खोलीत सगळ्या म्हणाल्या, "तब्येत काय मस्त सुधारली हो तुमची!" तोंड गोल झालंय, खरं. हातावर मात्र जरा धक्का लागला की काळंनिळं पडतं.

पण श्वास चालतो आहे. दोन वर्षांपूर्वी भाताच्या गिरण्यांचा कोंडा हवेत उडायला लागला की मी उशांना टेकून बसायची आणि सकाळ होईल की नाही याची खात्री नसायची. शामकलानेच नागपूरला नेलं. मी तर अर्धी बेशुद्ध. तिथल्या डॉक्टरांनी नवीनच निघालेली पांढरी गोळी दिली. सुरुवातीला एकदा दम उसळला, त्यानंतर दम्याचा एकही झटका नाही. रोज सकाळी चहाबरोबर शामकला गोळी हातावर ठेवते, मी गिळते. देवाच्या तीर्थासारखी.

१८ फेब्रुवारी १९५८

परवा शिवरात्रीला नागऱ्याला गेलो. शेजारच्या रुख्माच्या घरचा बैलांचा खाचर होता. शामकला म्हणत होती, नको. मीच हट्ट केला. एका नाल्यात चाक आपटलं आणि तोच आवाज, आता कमरेच्या वर. देवळाच्या आवारात झाडाखाली आडवी पडून राहिले. बायका दर्शन घेऊन येत-जात होत्या. महादेव काही दिसला नाही. वरच्या फांद्या तेवढ्या पाहिल्या.

५ मार्च

पातळ खाली लोळतंय. वाटलं निऱ्या चुकल्या. पुन्हा नेसले, पुन्हा लोळलं. फळ्याच्या वरच्या ओळीला हात पोचत नाही, गेल्या वर्षी पोचत होता. मी बुटकी होते आहे. चाळिशीत!

बरगड्या कमरेच्या हाडावर टेकतात. पोट पुढे. पाठीला कुबड. मागून पाहून एक मुलगी म्हणाली, "कोणाची आजी आली वं?"

२१ मार्च

नागपूर. तेच डॉक्टर. पाठीचा फोटो काढला. खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, मणके दबलेत, एक नाही, बरेच. हाडं आतून पोकळ झालीत. मग एकदम विचारलं, "त्या गोळ्या अजून चालू आहेत का?"

मी म्हटलं, "हो. रोज. तुम्हीच दिल्या ना."

"मी पंधरा दिवसांच्या दिल्या होत्या, बाई. मग कमी करत बंद करायच्या. जास्त दिवस घेतल्या तर हाडं खातात. तुमच्या या बहिणीला बसवून समजावलं होतं मी."

मी शामकलाकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

पॅसेंजरमध्ये बाकावर आडवी पडून आले. डोकं तिच्या मांडीवर. दुसरीकडे ठेवायला जागाच नव्हती. तुमसर गेलं, तिरोडा गेलं.

२२ मार्च

सकाळी विचारलं.

"तुले सांगतलं होतं त्यानं?"

"हो."

"मग?"

"मग काय. त्यानं सांगतल्यासारखी बंद केली होती ना मी. चार दिवस नाही झाले त तू निळी पडली. मी औषधाच्या दुकानात गेली. हिरालाल कंपाउंडरच्या हातापाया पडली. त्यानं देल्ली. मग आणतच राहिली."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त घेतली असती काय तू? तू मास्तरीण. डॉक्टर बोलला ते तुले ब्रह्मवाक्य."

मग मी बोलले ते बोलले. "माझा पगार बंद झाला असता. तुले कुठं जावं लागलं असतं, म्हणून?"

ती सूप घेऊन अंगणात गेली आणि तांदूळ पाखडत बसली. बराच वेळ पाखडत होती.

दोन वर्षं रोज सकाळी माझ्या हातावर गोळी ठेवून ती माझी पाठ मोडत होती, आणि मी तिला चहा चांगला झालाय म्हणत होते.

२४ मार्च

गोळी एकदम सोडायची नाही, जीव जाईल, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू कमी. बाटली आता माझ्या उशाशी. मीच मोडते, मीच घेते. कमरेला चामड्याचा पट्टा. त्याच्या वाद्या मात्र तिलाच ओढाव्या लागतात. माझे हात मागे जात नाहीत.

१० एप्रिल

बोलणं बंद. ती वाढते, मी जेवते.

२ मे

निर्मलाबाई येऊन गेल्या. जूनपासून दुसरी बाई घेतली आहे. "बऱ्या झालात की या," म्हणाल्या. मी बरी होणार नाही हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला, मग दाबायला भिऊन सोडून दिला.

रुख्मा म्हणते, "शामकलाबाईसारखी बहीण भेटाले नशीब लागते." मी भिंतीकडे तोंड केलं. कोणाला सांगू? सकाळी तीच मला अंघोळ घालते. पाठीवरून पाणी ओतताना हात किती हलका ठेवते! ज्या हाताचा राग करायचा, त्याच हाताच्या आधाराने उठायचं. राग करायलासुद्धा जरा अंतर लागतं. माझ्याकडे तेवढंही नाही.

१९ जुलै

खोकल्याची उबळ आली आणि अजून एक मणका गेला. ओरडले असेन. शामकला चुलीवरून तशीच धावत आली, पिठाचे हात. मला कुशीवर वळवलं, पाठीला घोंगडं लावलं, आणि तिथेच जमिनीवर बसली. मग आपणहून बोलायला लागली. एवढ्या महिन्यांनी.

"आई माझ्या मांडीवर गेली. तू भंडाऱ्याले ट्रेनिंगले होती. तू पोचली तेव्हा तिले फुलं घातली होती, चांगली दिसून राहिली होती. मी पाहिलं ते तू नाही पाहिलं. माशासारखं तोंड उघडे ती. शेवटी माझ्याकडं पाहे, जसं काही मी हवा लपवून ठेवली."

तिने घोंगडं माझ्या पाठीशी आणखी सरकवलं.

"तू बी तशीच पाहत होती माझ्याकडं. मले वाकडी बहीण चालते, बाई. मेलेली नाही चालत."

"पाठ माझी होती, शामकला. विचारायचं होतं."

तिने पिठाचे हात पदराला पुसले. "हो," म्हणाली. "विचारायचं होतं."

मी माफ केलेलं नाही. इथे लिहून ठेवते. आईचं ऐकून रडू आलं, पण माफ केलेलं नाही.

२८ सप्टेंबर

आज गोळी पूर्ण बंद. तोंड उतरलंय, आरशात जुनी सुमित्रा दिसते. मानेपर्यंत.

३ नोव्हेंबर

नवं धान गिरण्यांत आलं. हवेत कोंडा. छातीत शिट्टी वाजायला लागली आहे. शामकला दारांच्या फटींत फडकी कोंबते आहे. उरल्या गोळ्यांच्या बाटलीकडे पाहत नाही.

८ नोव्हेंबर

परवा दुपारी दम लागला. पूर्वीसारखा. नखं निळी. प्रत्येक खोकल्याला पाठीत सुरी. शामकलाने बाटली उघडली, गोळी तळहातावर घेतली आणि माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. हात पुढे आणला नाही. "बाई, तू सांग. नको म्हणशील त नाही देत. बसून राहतो तुझ्याजवळ."

मला बोलता येत नव्हतं.

मी तोंड उघडलं.