पाच सेकंदांत आकडा

७ जुलै
मी गावात आरोग्याचं काम करते त्या संस्थेकडून रक्तातली साखर मोजायचं मशीन मिळालं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मीच, आता हिर्डोशीची लॅबही मीच. बोटाला टोचायचं, पाच सेकंदांत आकडा. म्हाताऱ्यांना भोरच्या एसटीची वाट बघायला नको.

९ जुलै
चुलते सोनबाआप्पांना खाटेवरच टोचलं. २८६. आप्पा म्हणाले, एवढ्याशा थेंबात एवढी साखर मावली कुठं. डॉक्टरांची गोळी चालू आहे. नाचणी आणि चालणं सांगितलं.

१५ जुलै
भोरच्या लॅबमधल्या अंजुमताईंचा फोन. महिन्याला दोघातिघांचं रक्त लॅबला पाठव, आकडे ताडून बघू म्हणाल्या. जुन्या पद्धतीच्या आहेत. पुढच्या महिन्यात पाठवीन.

२० जुलै
घरात मीठसुद्धा पाझरतंय. मशीनच्या पट्ट्या ओलीपासून जपा, असं पुस्तिकेत ठळक छापलंय. आई काडेपेटी ठेवते त्या चुलीवरच्या फळीवर पट्ट्यांची डबी ठेवली. कोरडी ठणठणीत, हाताला ऊब लागते. पुस्तिकेचं पुढचं पान चिकटलंय.

४ ऑगस्ट
आप्पा १३१. शेजारचे गेनूमामा ११२. नाचणी लागू पडली. अहवालात तसं लिहिलं.

१२ ऑगस्ट
आप्पा ११०. गोळी बंद करायला सांगितली. गेनूमामांचीही.

१९ ऑगस्ट
फुलाकाकू म्हणाली, आप्पा तांब्यामागं तांब्या पाणी पित्यात, मोरीत लघवीच्या जागी मुंग्यांची रांग लागती. चालल्यावर तहान लागतेच. मुंग्यांचं पावसाळ्यात काय नवल.

२८ ऑगस्ट
खाचरात आप्पांच्या पायाच्या अंगठ्याला दगड लागला. जखम मोठी, पण दुखत न्हाई म्हणतात. चांगलं लक्षण.

२ सप्टेंबर
अंगठा काळा. खोलीत वास. मशीन १०९. मी काकूला आकडा दाखवला. काकू म्हणाली, तुजं मशीन बोटाचं बघतं व्हय बाई, तू जरा पायाकडं बघ. काकू शाळेत गेलेली नाही.

३ सप्टेंबर, भोर
आप्पांना रात्री भ्रम झाला, सकाळी टेम्पोतून आणलं. लॅबचा आकडा ४९४. डॉक्टर म्हणाले, अंगठा जाणार, पायाचं उद्या बघू. अंजुमताईंनी विचारलं, डबी कुठं ठेवतेस. सांगितलं. त्या म्हणाल्या, पुस्तिका पुरती वाच.

४ सप्टेंबर, हिर्डोशी
पुस्तिकेचं पान वाफेवर सोडवलं. उष्णतेपासून दूर ठेवा. तेही ठळकच आहे.
ग्लुकोजची पावडर पाण्यात घट्ट कालवून पट्टीला थेंब लावला. पाच सेकंद. १०७.
या डबीवर सतरा जणांना टोचलंय. पाच जणांच्या गोळ्या मी बंद केल्यात. आधी गेनूमामांकडे गेले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हसून बोट पुढं केलं.